दाबातला फरक

एर्देनेत. बाहेर उणे चौतीस.
सात नंबरच्या इमारतीखालचं तळघर,
तिथं माझी रात्रपाळी, एक खुर्ची, एक नोंदवही
आणि भिंतीलगत हीट एक्स्चेंजर:
एकशे एकवीस प्लेटी, आवळून बांधलेल्या.

वीजकेंद्राकडून येणारं पाणी एकाआड एक फटीतून उतरतं,
घरांत फिरणारं उरलेल्या फटींतून चढतं.
मध्ये अर्ध्या मिलिमीटरचं पोलाद.
भेट होत नाही.
ऊब तेवढी पलीकडे जाते.

तीही फुकट नाही.
प्लेटींवर मुद्दाम तिरक्या वळ्या उठवल्यात,
पाणी सरळ निघून जाऊ नये, ठेचकाळावं, घुसळून निघावं म्हणून.
जितकं घुसळेल तितकी ऊब सोडेल
आणि तितका दाब हरवून बसेल.
वेग दुप्पट करा, दाब चौपट जातो;
ऊब दुपटीलाही पोचत नाही.
वेग कमी करा, तर गाळ बसायला येतो.
निवृत्त होताना दाश्न्याम म्हणाले होते,
पोरी, एवढा सौदा समजला की नोकरी समजली.
मग त्यांनी मला त्यांचा लांब स्क्रू-ड्रायव्हर दिला,
कानाला लावून पाइप ऐकायला.

तीनच्या सुमारास फोन.
पाचव्या मजल्यावरची त्सेरेनखंद:
शिलाई मशीनचं तेल दाटलंय, चाक फिरेना,
आणि हो, मलाही थंडी वाजतेय.

घरांकडे जाणारं पाणी पंचाहत्तर हवं. साठ होतं.
संध्याकाळीच तुगुल्दर सांगून गेला होता,
प्लेटींवर क्षार धरलाय, उद्या आम्ल फिरवू.
तो शिकलेला आहे. माझी मान डोलली होती.

आता टॉर्च धरून दोन्ही गेज वाचले.
क्षार धरला असता तर वाट अरुंद झाली असती,
आत आणि बाहेर यांतला फरक वाढला असता.
फरक तर घटलेला.
सहा दशांश बार असायचा, तिथं दीड शतांशाच्या दहापट,
म्हणजे पंधरा शतांश. बोटांवर पुन्हा मोजलं.
पाव.
पाव दाब, म्हणजे निम्मं पाणी.
आणि परतीचं पाणी, जे सत्तरवर जातं, ते बावन्न.
थोडंच आलेलं, रेंगाळलेलं,
जवळचं जवळजवळ सगळं देऊन निघालेलं.
बिचाऱ्या प्लेटींचा दोष नव्हता.
वरच कुणीतरी हात आखडता घेत होतं.

पाइपाच्या कडेकडेनं गेले.
व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. पुढचाही.
मग गाळणी.
स्क्रू-ड्रायव्हर कानाशी धरला:
आत पाणी नाकातून बोलल्यासारखं बोलत होतं.

दोन्हीकडून बंद केलं, वाफ जाऊ दिली,
झाकणाचे आठ बोल्ट. सहावा रुसलेला.
जाळी ओढली. गंजाचा चुरा, तागाचे धागे
आणि पाचही बोटं पसरून चिकटलेला
एक हातमोजा.

डावा.
अंगठ्याला लाल दोऱ्याचे टाके,
त्सेरेनखंदनं घातलेले, गेल्या वसंतात.

ऑगस्टमध्ये पाइप बदलला तेव्हापासून मी तो शोधत होते.
कपाट पाहिलं, बसच्या ड्रायव्हरला विचारलं,
तुगुल्दरवरही थोडा संशय घेतला होता.

जाळी धुतली, बोल्ट आवळले, व्हॉल्व्ह हळूहळू उघडला,
एकदम नाही, पाणी दचकतं.
गेजचा काटा आधी थरथरला, मग जागेवर गेला.
नोंदवहीत लिहिलं: वेळ ४:५०. प्रवाह पूर्ववत.
कारण: गाळणीत हातमोजा.
कुणाचा, या दोन शब्दांपाशी पेन बराच वेळ थांबलं.
मग नाव लिहिलं. ओयूनगेरेल.

सात वाजता तुगुल्दर आला, आम्लाचा कॅन घेऊन.
वही वाचली.
गरम पाइपावर वाळत घातलेल्या हातमोज्याकडे पाहिलं,
आणि कॅन दाराबाहेर ठेवून
चहाला विचारलं.